पुलावरचा कोहळा

१

ते पत्र गिरीधररावांनी टाकून दिलं नव्हतं. उत्तरही दिलं नव्हतं. शब्दकोशाच्या दुसऱ्या खंडात ते वर्षानुवर्षं पडून होतं, आणि तो खंड हाताशी घेणं ते शक्यतो टाळत.

मिरजेच्या कुणा कौशिक नावाच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यानं ते लिहिलेलं. गिरीधररावांनी उभ्या जन्मात एकच लेख लिहिला होता, चेन्नईच्या नद्यांवरच्या पुलांविषयी. तो पुण्याच्या एका मासिकात छापून आला, आणि मिरजेच्या त्या मुलानं तो वाचला. त्यानं विचारलं होतं : 'तुम्ही लिहिता, नवा पूल बांधला की नवी गर्दी येते. पटलं. मग उपाय काय? मी येऊन भेटू का?'

उपाय काय हे गिरीधररावांना ठाऊक नव्हतं. ते पुलांच्या कचेरीतले ग्रंथपाल. नकाशे लावून ठेवणं, मागितले की काढून देणं, एवढंच त्यांचं काम. 'मज ठाऊक नाही' एवढंच उत्तर कसं पाठवायचं, या विचारात महिना गेला, मग वर्ष, आणि मग लाजच वाटू लागली.

त्या मंगळवारी सकाळी नुंगंबाक्कमच्या घरात ते चष्मा पुसत बसले असताना दार वाजलं. दारात त्यांची पुतणी कीर्तना. डोळे सुजलेले, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.

"काका, माझी योजना मेली."

"बैस आधी. पाणी पी."

कीर्तना वाहतूक अभियंता होती. कूवम नदीवर नुंगंबाक्कमहून अण्णा नगरकडे जाणारे तीन पूल रोज सकाळ-संध्याकाळ तुंबत. तिची योजना साधी : सकाळी शहरात येणाऱ्यांची रीघ, म्हणून समोरच्या बाजूची एक मार्गिका त्यांना द्यायची, संध्याकाळी हीच गोष्ट उलट. तिन्ही पुलांचा विचार एकत्र करायचा, नवा खांब एकही रोवायचा नाही. काल सोमवारी तिची पहिली चाचणी होती.

"मधल्या पुलावर मार्गिका उघडली," कीर्तना म्हणाली, "आणि लगेच पहिलीच स्कूटर घसरली. चढ ओलांडेपर्यंत पलीकडचं दिसत नाही ना. गोदा नावाच्या नर्स होत्या, मांडीचं हाड मोडलं. मागून आणखी तिघे घसरले. दुपारपर्यंत पूल बंद. आता जो तो म्हणतोय, असली थेरं नकोत, नवा उड्डाणपूल बांधा."

"घसरली कशावरून?"

"कोहळ्यावरून. दृष्ट काढायचा कोहळा, काका. कुंकू लावलेला. माझ्या मार्गिकेच्या बरोब्बर मधोमध. पोलिसांनी चहावाल्या सुब्बाला धरलंय. शुक्रवारी बैठक आहे. लोकांनीच विरोधात कोहळा फोडला असं ठरलं, तर योजना कायमची बंद, आणि सुब्बा तुरुंगात."

"आणि तुला काय वाटतं?"

तिनं खाली पाहिलं. "मला वाटतं, हे करणारा माझ्याबरोबर एका टेबलाशी बसला होता."

२

गिरीधररावांना पोलिसांशी बोलायची सवय नव्हती. दुकानदाराकडे सुटे पैसे मागायलाही ते धजत नसत. पण कीर्तनानं हात धरून त्यांना पुलावर नेलं. वाहतूक निरीक्षक देविका तिथे उभ्या होत्या, करड्या आवाजाच्या, डोक्यावर टोपी, टोपीखाली मोगऱ्याचा गजरा.

"हे तुमचे काका? गुप्तहेर?" त्यांनी तमिळमध्ये विचारलं.

"छे छे, ग्रंथपाल," गिरीधरराव घाईघाईनं म्हणाले.

"बरंय. गुप्तहेर फार बोलतात." देविकांनी चौकीतून एक प्लास्टिकची पिशवी आणली. "बघा. वास येईल हां. बाकीचा चाकांखाली चिरडला, हा तुकडा कठड्याकडे उडाला म्हणून वाचला. आणि हा फोटो, सगळ्यांत आधी पोचलेल्या माणसानं काढलेला."

फोटोत चिरडलेला पांढरा गर, लाल कुंकू, आडवी स्कूटर. पिशवीत कोहळ्याचा मोठा तुकडा, देठासकट. गिरीधररावांनी रुमालात धरून तो उलटसुलट केला. कचेरीत कुणी नकाशांचा गठ्ठा परत आणला की एखादं पान उलटं लागलंय, हे त्यांना बघताक्षणी कळे. का कळलं ते सांगता येत नसे. आताही तसंच झालं. काहीतरी उलटं लागलं होतं.

"सुब्बालाच का धरलंत?" कीर्तनानं विचारलं.

"सगळ्यांदेखत ओरडला होता, 'ही योजना एक दिवस तरी चालते का बघतो.' टपरी हलवायला सांगितली होती ना त्याला. त्याची बायको सकाळपासून चौकीसमोर बसून आहे." देविकांनी टोपी सारखी केली. "पण एक गोष्ट मलाही टोचतेय. चाचणी मुळात या पुलावर नव्हतीच."

"म्हणजे?"

"पूर्वेच्या पुलावर होणार होती, तसं जाहीरही केलं होतं. रविवारी संध्याकाळी तिथे पाण्याची नळवाहिनी फुटली, म्हणून घाईनं बैठक घेऊन हा पूल ठरवला. पहाटे मार्गिका आखणारे शंकू मांडले तेव्हाच लोकांना कळलं."

"आणि कोहळा शंकूंच्या आधी पडला की नंतर?"

देविकांनी एका तरण्या हवालदाराकडे जळजळीत नजर टाकली. तो बुटांकडे बघत पुटपुटला, "आधी, मॅडम. शंकू मांडताना अंधुक पांढरं दिसलं होतं. वाटलं, कुणाची पिशवी पडलीय."

"म्हणजे," गिरीधरराव चाचरत म्हणाले, "माझं चुकतही असेल... पण ज्यानं कोहळा ठेवला त्याला पूल बदलल्याचं आधीच माहीत होतं. सुब्बाला कसं कळणार?"

"त्या बैठकीत चारच माणसं होती," देविका म्हणाल्या. "एक मी. एक ही तुमची पुतणी. दुकानदारांचे पुढारी राममूर्ती. आणि उड्डाणपुलाच्या कंपनीचा सल्लागार, निरीक्षण करायला बोलावलेला."

"त्याचं नाव?"

"कौशिक. तुमच्यातलाच, मराठी. मिरज का कुठला."

गिरीधररावांच्या हातातली पिशवी खाली पडली.

३

राममूर्तींचं मिठाईचं दुकान पुलाच्या तोंडाशीच. तीन पिढ्यांचं. पोट गल्ल्याला टेकलेलं, कपाळावर विभूतीचे पट्टे, तोंड अखंड चालू.

"या सार, या. तुमची पुतणी माझं दुकान बुडवायला निघालीय, तुम्ही निदान म्हैसूरपाक तरी घ्या."

"दुकान बुडणार होतं, असं तुम्हाला वाटत होतं?" गिरीधररावांनी वडीकडे बघत विचारलं.

"वाटत होतं काय, वाटतंय! गाड्या तुंबल्या की लोक उतरून खातात. गाड्या पळाल्या की खाणार कोण? माझं गिऱ्हाईक म्हणजे ही कोंडीच, सार. मी काही लपवत नाही."

कीर्तना फणकारली. "म्हणून कोहळा ठेवलात?"

राममूर्ती आधी लाल झाले, मग एवढे हसले की काचेमागचे लाडू हलले. "अय्यो, पोरी! मी दर अमावास्येला इथे, माझ्या दारात पूसणिक्काय, म्हणजे हा कोहळाच, फोडतो. आजोबांपासून. ज्याचं बरं व्हावं असं वाटतं त्याच्यावरून तो ओवाळायचा. माझ्या दुकानावरून, माझ्या गाडीवरून, माझ्या नातवावरून. तुझ्या योजनेवरून मी कोहळा का ओवाळू? तुझी दृष्ट काढून तुला आशीर्वाद द्यायला?"

गिरीधररावांनी वडीवरून नजर उचलली.

"आणि तेही अष्टमीला!" राममूर्ती पुढे म्हणाले. "परवा अष्टमी होती. अष्टमीला आमच्यात कुणी नवी वहाणही घालत नाही."

"फोडता कसा तुम्ही? मज नीट सांगाल?"

"आता हेही सांगायचं? वर देठाजवळ चौकोनी टोपण कापायचं, आत कुंकू नि नाणी भरायची, वर कापूर पेटवायचा, तीनदा ओवाळायचा आणि धाडकन आपटायचा. चिंध्या झाल्या पाहिजेत. तुमच्या घरी नाही करत?"

"करतो," गिरीधरराव हळूच म्हणाले.

"सुब्बाशी तुमचं बोलणं झालं होतं का? पूल बदलल्याचं?" कीर्तनानं मध्येच विचारलं.

"त्या माणसाशी? त्यानं माझ्या पायरीवर टपरीचं सांडपाणी सोडलं, त्याला आता तीन दिवाळ्या झाल्या. त्याच्या घराला आग लागली तरी मी त्याच्या बायकोला सांगेन, त्याला नाही."

बाहेर आल्यावर गिरीधररावांनी डोळे मिटले. पिशवीतला तुकडा त्यांना आता स्वच्छ दिसत होता. देठ शाबूत होता, टोपण कापलेलंच नव्हतं. कुंकू आत भरलेलं नव्हतं, वरून चोपडलेलं होतं. आणि कडा फुटलेली नव्हती. ती होती सरळ, गुळगुळीत, एका घावातली.

कुणी तो कोहळा फोडला नव्हता. कापला होता. मधोमध, दोन शकलं.

कोहळा कापणारं घर या शहरात त्यांना एकच ठाऊक होतं. त्यांचं स्वतःचं.

४

खंडेनवमीला त्यांची आई राजसबाई देवघरापुढे कोहळा ठेवी. भिंतीवरची पूर्वजांची तलवार उतरवून वडील तो एका घावात दुभंगत, आणि आई दोन्ही पांढऱ्या तोंडांवर कुंकू माखी. तंजावरला आलेल्या पहिल्या पुरुषानं महाराष्ट्रातून ही रीत आणली, असं आई सांगे. शेजारचे तमिळ लोक खिडकीतून कुतूहलानं बघत. आई गेली, तलवार थोरल्या भावाकडे गेली. थोरला भाऊ म्हणजे कीर्तनाचे वडील.

रात्रभर त्यांचा डोळा लागला नाही. सकाळी कीर्तना कॉफी घेऊन आली तेव्हा ते म्हणाले, "रविवारी रात्री तू पुलावर होतीस का?"

पेला तिच्या हातातच थांबला. "कोणी सांगितलं?"

"कोणी नाही. काल तुझ्या पायांत दोन वेगवेगळ्या चपला होत्या. ओलं डांबर लागलेली चप्पल घालवत नाही, म्हणून एक बदललीस. पुलाच्या सांध्यावर रविवारी डांबर ओतलं होतं, हवालदार सांगत होता."

"हो, गेले होते. झोप येत नव्हती. उद्या माझा पूल कसा दिसेल ते बघायला गेले. पाच मिनिटं उभी राहिले आणि परत आले." मग तिचा आवाज चिरला. "काका, तुम्ही मला विचारताय? मला?"

"कोहळा कापलेला होता, कीर्तना. आजीसारखा."

"कुठल्या आजीसारखा?"

"राजसबाई. नवमीला."

"काका, आजी गेली तेव्हा मी पाळण्यात होते. अप्पांनी ती तलवार भिंतीवरून कधी उतरवलीच नाही, गंजून म्यानात अडकलीय. आमच्याकडे नवी गाडी आली की अम्मा कोपऱ्यावरच्या देवळातून टोपण कापलेला कोहळा आणते, आणि मी तो आपटते. मला दुसरी रीत माहीतच नाही." ती उठली. "तुमच्या मनात आलं तरी कसं?"

ती कॉफी तशीच ठेवून निघून गेली. गिरीधररावांना वाटलं, आपण पुस्तकं लावून ठेवावीत, माणसांच्या वाटेला जाऊ नये. बैठक परवावर आली होती. सुब्बाची बायको अजून चौकीसमोर बसली असेल. आणि सगळा संशय आपल्याच घरापाशी येऊन थांबला होता.

पण ती रीत महाराष्ट्रातून आली होती, असं आई सांगे. महाराष्ट्रात ती अजून असेलच की.

दुसऱ्या खंडातलं पत्र त्यांनी काढलं नाही. छत्री घेतली आणि कौशिकच्या कंपनीकडे जाणारी शोळिंगनल्लूरची बस धरली.

५

काचेची इमारत, फाटकात गळ्यात पट्टा घातलेली तरणी पोरं. गिरीधररावांना आत सोडायला कौशिक स्वतः खाली आला. तिशी नुकतीच ओलांडलेला, हसरा, बाह्या दुमडलेल्या.

"सर! गिरीधरराव तुम्हीच ना? तुमचा लेख मला अजून पाठ आहे. मी पत्रही लिहिलं होतं तुम्हाला, आठवतंय?"

"आठवतं," गिरीधरराव छत्रीला म्हणाले.

"उत्तर नाही आलं. पण ते राहू द्या. पोस्टाचा काय भरवसा." कौशिकनं त्यांना उपाहारगृहात नेऊन चहा मागवला. "तुमचं मराठी ऐकायला मजा येते. बखरीतून कुणी उठून आल्यासारखं. बोला, कीर्तना मॅडमचं काम आहे ना? वाईट झालं. हुशार बाई."

"योजना चालली असती असं वाटतं तुम्हास?"

"खरं सांगू?" त्यानं आवाज खाली आणला. "चालली असती. म्हणूनच आमच्याकडे घबराट होती. चाचणी यशस्वी झाली की उड्डाणपूल कोण मागणार? मला इथे आणलं ते त्या एका पुलासाठी. पण नशीब बघा, लोकांनीच निकाल लावला. इथली माणसं कमालीची अंधश्रद्धाळू, सर. चार वर्षं बघतोय. एखाद्याचं वाटोळं व्हावं म्हणून रस्त्यात कोहळा टाकतात. सकाळी कंपनीच्या बसमधून दिसतात ना, लाल-पांढऱ्या राड्यासारखे. शापच तो. योजनेला शाप दिला म्हणायचं."

गिरीधररावांनी पेला बशीत ठेवला.

"तुम्ही कुणाला तो कोहळा फोडताना बघितलं आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही बुवा. पहाटेच बस धरतो, आणि रात्री परत. उरलेलंच दिसतं."

"उरलेलंच दिसतं," गिरीधररावांनी पुन्हा म्हटलं.

"सर, बरं वाटत नाही का?"

"वय झालं," ते म्हणाले. बसथांब्यावर ते बराच वेळ उभे राहिले. दोन बसगाड्या सोडल्या. मुलगा आवडला होता त्यांना. लेख पाठ असलेला जगातला एकमेव माणूस. आणि हाती होतं काय? एक गुळगुळीत कड नि एक वाक्य. कुणी म्हणेल, पिशवीत मावावा म्हणून कापला असेल. तमिळ माणूसही तसा कापू शकेल. राममूर्ती कापू शकतील. त्याला विचारलं तर तो नाही म्हणेल, आणि सुब्बा आतच राहील.

विचारून चालणार नव्हतं. त्याच्या हातानंच सांगायला हवं होतं.

बस आली तशी ते चढले, आणि वाटेत भाजीबाजारापाशी उतरले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांनी पोलिसाला, म्हणजे देविकांना, दूरध्वनी केला.

६

बैठक प्रभाग कार्यालयाच्या मागच्या खोलीत होती. पंखा करकरत होता. देविकांनी सुब्बालाही आणलं होतं; लुंगी, वाढलेली दाढी, कुणाकडे न बघणारी नजर. राममूर्ती त्याच्यापासून लांब, खुर्ची भिंतीला लावून. कीर्तना काकांकडे पाठ करून बसलेली. कौशिक सर्वांना पाणी देत होता.

टेबलावर गिरीधररावांनी एक मोठा कोहळा ठेवला. शेजारी मोठी सुरी, कुंकवाची पुडी, कापूर, काडेपेटी, थोडी नाणी.

"हे काय?" कौशिकनं हसून विचारलं.

"मी... म्हणजे निर्णय काहीही होवो," गिरीधररावांचा आवाज कापत होता, आणि त्यासाठी त्यांना नाटक करावं लागलं नाही. "इतका अपघात झाला. इथल्या रीतीप्रमाणे दृष्ट काढावी, मग बोलावं. माझा खांदा धरला आहे. कौशिक, तुम्ही पाहुणे. पाहुण्यांचा मान पहिला. चार वर्षं इथे आहात, रीत तुम्हाला ठाऊक आहे."

राममूर्तींनी तोंड उघडलं. देविकांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर बूट ठेवला.

"अहो, मला काय..." कौशिक घुटमळला. नाही म्हणणं बरं दिसेना. त्यानं बाह्या वर सारल्या, कोहळा उभा केला, सुरी देठाच्या बगलेला टेकवली आणि सफाईनं एका दाबात खाली आणली. दोन शकलं अलग झाली. त्यानं पुडी फोडली, दोन्ही पांढऱ्या तोंडांवर बोटांनी कुंकू चोपडलं आणि शकलं तोंडं वर करून शेजारी-शेजारी मांडली. कापराला हात लावला नाही. नाण्यांनाही नाही.

राममूर्तींचा स्फोट झाला. "अय्यो मुरुगा! दृष्ट काढतोय की सांबार करतोय?"

सुब्बासुद्धा हसला. तीन दिवसांत पहिल्यांदा. कौशिकही हसत होता, पण देविकांकडे नजर जाताच त्याचं हसू अडखळलं. देविका हसत नव्हत्या. त्यांनी पिशवीतला, आता काळा पडलेला तुकडा त्या शकलांशेजारी ठेवला. देठ शाबूत. कड गुळगुळीत. कुंकू वरून.

"आता तुम्ही, राममूर्ती," देविका म्हणाल्या, आणि खुर्चीखालून दुसरा कोहळा काढला. राममूर्तींनी सवयीनं देठाजवळ टोपण कापायला घेतलं. कीर्तना न राहवून म्हणाली, "आधी नाणी, मग कुंकू, अंकल." बोलता बोलता तिचे शब्द थांबले. तिनं काकांकडे वळून पाहिलं.

"कापणारे आमच्याकडेही होते," गिरीधरराव म्हणाले. त्यांचा आवाज आता कापत नव्हता, त्याचं त्यांनाच नवल वाटलं. "माझी आई. खंडेनवमीला. म्हणून मज पहिला संशय माझ्याच पुतणीचा आला, आणि तिची मी क्षमा मागतो. पूल बदलल्याचं ठाऊक असलेली माणसं चारच. देविकामॅडम नि राममूर्ती जन्मापासून टोपण कापत आले, कीर्तनाही. अंधारात, घाईत, खोटा कोहळा करायचा झाला तरी हात सवयीनंच चालतो. आणि ज्याला इथली खरी रीत ठाऊक आहे तो लपायला तीच रीत वापरील."

"सर, हा पुरावा नाही," कौशिक म्हणाला. "आमच्याकडे नवमीला असाच कापतात. लाखो लोक कापतात."

"होय. पण त्या बैठकीत लाखो नव्हते. आणि दुसरी गोष्ट. इथे ज्याचं बरं व्हावं त्याच्यावरून कोहळा ओवाळतात. योजनेचा इथला शत्रू तिच्या वाटेत कोहळा ठेवणारच नाही, ते तिचं रक्षण झालं असतं. कोहळा म्हणजे शाप, असं या शहरात एकाच माणसानं मज सांगितलं. कारण त्यानं फोडताना कधी बघितलंच नाही. त्याला उरलेलंच दिसलं."

पंखा करकरत राहिला. सुब्बाला सगळं उमगलं नव्हतं, पण तो कौशिककडे टक लावून बघत होता.

"बाहेर उभ्या तुमच्या गाडीची मागची पेटी आमच्या माणसानं आत्ताच बघितली," देविका म्हणाल्या. "चटईखाली कुंकू आहे. पण तुम्हीच सांगितलंत तर बरं."

कौशिक खाली बसला. त्यानं हाताच्या लाल बोटांकडे पाहिलं.

"मला वाटलं, लोक बघतील, थबकतील, भितील," तो म्हणाला. "गोंधळ होईल, चाचणी पुढे जाईल. चढापलीकडचं दिसत नाही हे माझ्या ध्यानातच आलं नाही. पुलाचा अभियंता मी, आणि..." त्यानं मान वर केली. "मी तुम्हाला विचारलं होतं, सर. उपाय काय म्हणून. तेव्हा मला खरंच नवे पूल नको होते."

गिरीधररावांनी टेबलावरची नाणी एकेक करून गोळा केली.

७

चाचणी पुन्हा झाली. पहिल्या दिवशी थोडा घोळ झाला, दुसऱ्या दिवशी कमी. मग एक सकाळ अशी आली की मधल्या पुलावरून बस न थांबता गेली, आणि आतले लोक खिडकीतून बाहेर बघू लागले, काही बिघडलं की काय म्हणून. तिन्ही पुलांसाठी मंजुरी मिळाली. गोदाबाई कुबड्या घेऊन चालू लागल्या. सुब्बाची टपरी बारा पावलं मागे सरकली, राममूर्तींच्या पायरीला लागून, आणि सांडपाण्याचं भांडण नव्यानं सुरू झालं.

"सार, तुमची पुतणी जिंकली आणि मी मेलो," राममूर्ती म्हणाले. "कोणी थांबत नाही."

"चहाला थांबतात," सुब्बा पलीकडून ओरडला. "ज्याचा माल चांगला, त्याच्याकडे थांबतात!"

राममूर्तींनी म्हैसूरपाकाचा एक तुकडा त्याच्या दिशेनं भिरकावला. सुब्बानं तो झेलून खाल्ला.

कीर्तना त्या दिवशी काकांना भेटायला पुलावर आली होती. दोन्ही चपला सारख्या. "काका, नवमीला घरी या. अप्पांची तलवार लोहाराकडून मोकळी करून आणलीय. कोहळा कसा कापायचा, मला दाखवा."

"माझा खांदा..."

"खांदा नाटकातला होता. मला माहीत आहे."

ती कामाला गेली. गिरीधररावांनी खिशातून पाकीट काढलं. पत्ता मिरजेचाच, जुन्या पत्रावरचा. कौशिक जामिनावर घरी गेला आहे, असं देविका म्हणाल्या होत्या. आतला मजकूर त्यांनी चार वेळा लिहून चार वेळा फाडला होता. पाचव्यांदा एवढाच राहिला :

'चि. कौशिक यांस, आशीर्वाद. आपण विचारलंत, उपाय काय. तेव्हा मज ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही असं लिहिण्याची लाज वाटली. आता थोडं ठाऊक आहे. पूल एकेकटा पाहू नये, नदी पाहावी. सकाळी कोण येतं, संध्याकाळी कोण परततं ते उभं राहून पाहावं. जे उरलेलं दिसतं त्यावरून ठरवू नये. आपण येऊन भेटू का, असंही विचारलं होतं. शिक्षा असेल ती भोगून झाल्यावर अवश्य यावं. आपण पुलावर उभे राहू. चहा सुब्बाकडे. आपला, गिरीधर.'

पुलाच्या तोंडाशी लाल पेटी होती. पाकीट अर्धं आत गेल्यावर त्यांचा हात अडला. 'अवश्य' शब्द जास्त तर नाही झाला? 'चि.' लिहायला नको होतं का?

मागून स्कूटरवाल्यानं भोंगा वाजवला. पेटीपाशी उभे राहताना ते मार्गिकेच्या तोंडाशीच आले होते.

"पेरियवरे, आजोबा, पुढे चला! आता इथे कुणी थांबत नाही!"

गिरीधररावांनी दचकून पाकीट सोडलं. आत टपकन आवाज झाला.

मग ते पूल ओलांडून गेले.